किती उतरेल वजन? एका भाकिताची गोष्ट

दहाव्या शतकातली गोष्ट आहे. स्पेनच्या उत्तर भागात लेओन नावाचं एक ख्रिस्ती राज्य होतं. तिथल्या राजाचं नाव सांचो. इतिहासात तो ‘लठ्ठ सांचो’ म्हणूनच ओळखला जातो. त्याला घोड्यावर बसता येत नव्हतं, असं सांगतात. आणि ज्याला घोड्यावर बसता येत नाही, तो लढाईत पुढे कसा राहणार? ९५८ साली सरदारांनी त्याला गादीवरून खाली खेचलं. त्याची आजी तोडा ही शेजारच्या नवार्रा राज्याची राणी. मोठी खमकी बाई. नातवाला घेऊन ती थेट कॉर्डोब्याला, खलिफा तिसरा अब्दुर रहमान याच्या दरबारात गेली. त्या दरबारात हसदाई इब्न शाप्रूत नावाचा नामांकित हकीम होता. राजा ख्रिस्ती, खलिफा मुसलमान आणि हकीम ज्यू, असा तो योग होता. हकिमाचा इलाज लागू पडला, सांचोचं वजन उतरलं आणि ९६० च्या सुमारास खलिफाच्या फौजेच्या मदतीनं तो पुन्हा गादीवर बसला. हकिमानं त्याचे ओठ शिवून टाकले होते आणि नळीनं काढे पाजले होते, अशीही एक दंतकथा आहे. तिच्यावर विश्वास ठेवायचं कारण नाही.

या गोष्टीत एक प्रश्न कुणी विचारल्याचं दिसत नाही. ‘हकीमसाहेब, वजन नेमकं किती उतरेल?’ सांचोला किलोंशी काही देणंघेणं नव्हतं. घोड्यावर बसता आलं, गादी मिळाली, संपलं. आज मात्र जठर लहान करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी डॉक्टरांपुढे बसलेल्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असतो. किती उतरेल? आणि दुसरा, जरा दबक्या आवाजात विचारलेला : उतरलेलं टिकेल ना?

या दोन प्रश्नांची उत्तरं शोधता शोधता वैद्यकशास्त्राची साठ-सत्तर वर्षं गेली. त्या शोधाची ही हकीकत.

‘वजन’ हा शब्द अरबी. फारसीच्या वाटेनं तो मराठीत आला आणि इथलाच झाला. आम्हा गझल लिहिणाऱ्यांना तो दुसऱ्या अर्थानंही ठाऊक आहे. गझलेच्या ओळीचं वजन म्हणजे तिच्या वृत्ताचं माप. एक मात्रा कमी पडली तरी कान लगेच सांगतो की ओळ पडली. ते माप आधीपासून ठरलेलं असतं आणि सगळ्या ओळींना सारखं लागू होतं. माणसाच्या शरीराचंही असंच एक माप आपल्या हाती आहे, असं डॉक्टरांना बराच काळ वाटत होतं.

लठ्ठपणा हा आजार म्हणून ओळखला जाणं फार जुनं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय अतिस्थूल आणि अतिकृश माणसांची चर्चा करतो. दोन्हींत कृशता बरी, कारण स्थूलतेवर इलाज करणं अधिक कठीण, असं चरकांचं मत. पण या आजारावर चाकू चालवण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यावर आली. १९५२ साली स्वीडनमधल्या हेन्रिकसन या शल्यविशारदानं एका स्थूल रुग्णाच्या लहान आतड्याचा तुकडा कापून काढल्याची नोंद केली. पुढच्या दोन वर्षांत अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात वार्को, क्रेमेन आणि लिनर या डॉक्टरांनी वेगळी वाट काढली. आतडं कापून फेकायचं नाही, फक्त त्याचा मोठा भाग वळसा घालून वगळायचा. अन्न त्या भागातून जाणारच नाही, मग अंगी कसं लागेल?

हा हिशेब वाण्याच्या वहीसारखा सरळ होता. जमा कमी झाली की शिल्लक कमी होणार. वगळलेलं आतडं जितकं जास्त, तितकं वजन कमी. आणि वजन खरोखरच झपाट्यानं उतरलं. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या पेन आणि डीविंड यांनी ही शस्त्रक्रिया पुढे नेली. पण थोड्याच वर्षांत दुसरं पान उघडलं. रुग्णांना न थांबणारे जुलाब होऊ लागले, मूत्रपिंडात खडे झाले, काहींचं यकृत निकामी झालं. कित्येकांचं आतडं पुन्हा उघडून पूर्ववत जोडावं लागलं. १९८० च्या आसपास ही शस्त्रक्रिया मागे पडली. वजनाचं भाकीत बरोबर निघालं होतं, पण वजनाबरोबर आणखी काय काय जाईल, याचं भाकीत कुणी केलंच नव्हतं.

दरम्यान आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन नावाचे शल्यविशारद एक साधी गोष्ट पाहत होते. पोटातल्या अल्सरसाठी त्या काळी जठराचा बराचसा भाग काढून टाकत. असं ऑपरेशन झालेल्या बायकांचं वजन उतरायचं आणि ते पुन्हा वाढवणं त्यांना जड जायचं. मेसन यांना वाटलं, की दुसऱ्यासाठी जी तक्रार आहे ती स्थूल माणसासाठी औषध का होऊ नये? १९६६ साली त्यांनी आणि चिकाओ इटो यांनी पहिली ‘गॅस्ट्रिक बायपास’ केली. जठराच्या वरच्या टोकाला एक लहानशी थैली वेगळी करायची आणि तिला थेट लहान आतडं जोडायचं. मेसन यांना आज या शाखेचे जनक म्हणतात. २०२० च्या डिसेंबरात, वयाची शंभरी पार करून ते गेले.

मेसन यांचं मला कौतुक वाटतं ते केवळ या शस्त्रक्रियेसाठी नाही. आपण केलेल्या रुग्णांचं पाच-दहा वर्षांनी काय झालं, हे लिहून ठेवल्याशिवाय या विद्येला अर्थ नाही, असं ते म्हणत राहिले. १९८६ साली त्यांनी अशा रुग्णांची एक सामाईक नोंदवही सुरू केली. भाकीत करायचं तर आधी रोजनिशी हवी. आपल्याकडचा म्हातारा शेतकरी पावसाचा अंदाज बांधतो तो आठवणीच्या जोरावर. शास्त्राला मात्र वही लागते.

पण वहीत लिहायचं काय? ‘यश’ म्हणजे किती? इथे गोष्टीला गमतीदार वळण मिळतं. यशाची पट्टी डॉक्टरांनी बनवली नव्हती. ती बनवली होती अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीनं. कुठल्या उंचीचे आणि किती वजनाचे विमेदार जास्त जगतात, हे पाहून कंपनीनं १९४०च्या दशकात ‘आदर्श वजना’ची कोष्टकं छापली. १९५९ आणि १९८३ मध्ये ती सुधारली. विम्याचा हप्ता ठरवायला ती कामाची होती. शल्यविशारदांनी ती उचलली. रुग्णाचं वजन वजा आदर्श वजन म्हणजे ‘जादा वजन’. त्या जादा वजनापैकी निम्मं उतरलं तर शस्त्रक्रिया यशस्वी, नाही तर फसली. पन्नास टक्क्यांची ही रेघ पुढे वर्षानुवर्षं चालली.

ही रेघ कशी फसवते, ते एका उदाहरणानं पाहू. आकडे कानाला जड जातात, म्हणून अगदी सोपे घेतो. दोन बायका आहेत. दोघींची उंची १६० सेंटिमीटर. या उंचीला ६४ किलो हे योग्य वजन धरू. पहिलीचं वजन १०४ किलो, म्हणजे ४० किलो जादा. तिचे ३० किलो उतरले. चाळीसातले तीस, म्हणजे ७५ टक्के. वा, उत्तम! दुसरीचं वजन १४४ किलो, म्हणजे ८० किलो जादा. तिचे ४० किलो उतरले. ऐंशीतले चाळीस, म्हणजे ५० टक्के. कशीबशी पास! आता मला सांगा, पहिलीपेक्षा दहा किलो जास्त उतरवणारी बाई काठावर कशी काय? दोघींच्या मूळ वजनाशी तुलना केली तर पहिलीचं सुमारे २९ टक्के वजन गेलं, दुसरीचं सुमारे २८ टक्के. शरीरानं दोघींना जवळजवळ सारखाच प्रतिसाद दिला. पट्टीनं मात्र एकीला हार घातला आणि दुसरीला ताकीद दिली. नेदरलँड्सचे शल्यविशारद आर्नोल्ड व्हान डे लार यांनी २०१० नंतरच्या दशकात हजारो रुग्णांच्या नोंदी तपासून हाच मुद्दा मांडला. तेव्हापासून मूळ वजनाच्या किती टक्के उतरलं, हे माप रूढ होत गेलं.

दुसरी पट्टी बॉडी मास इंडेक्सची, म्हणजे बीएमआयची. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. हे सूत्र १८३२ साली मांडलं बेल्जियमच्या अडॉल्फ केतले यांनी. ते डॉक्टर नव्हते, खगोल आणि संख्याशास्त्राचे अभ्यासक होते. त्यांना शोध होता ‘सरासरी माणसा’चा. म्हणजे हे माप जमावासाठी जन्माला आलं. त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी, १९७२ साली, आणि तेही लोकसमूहांच्या अभ्यासासाठी. पुढे १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं भरवलेल्या परिषदेत ठरलं की बीएमआय ४० असेल, किंवा ३५ असून सोबत गंभीर आजार असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. जमावाचं माप असं एकेका माणसाच्या दारात जाऊन उभं राहिलं.

याच परिषदेनं आणखी एक अट सांगितली. रुग्ण नीट माहिती घेतलेला आणि मनाची तयारी असलेला हवा. अट चांगलीच होती. पण तिच्यातूनच पुढे माणसांना गाळायची चाळणी तयार झाली. कुणाचं वजन उतरेल आणि कुणाचं नाही, हे आधीच ओळखायचं. म्हणजे ‘वाया जाणाऱ्यां’वर खर्च नको. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांनी तर अट घातली, की आधी इतके महिने डाएट करून थोडं वजन स्वतः उतरवून दाखवा, मग ऑपरेशनचे पैसे देऊ. पोहता येतं हे आधी सिद्ध करा, मग बुडताना दोर टाकू, असा हा प्रकार.

चाळणीमागे एक समजूत होती. ज्याच्यात जिद्द आहे त्याचं वजन उतरेल, ज्याची जीभ ताब्यात नाही त्याचं उतरणार नाही. ही समजूत खरी की खोटी, हे पाहायला मोठ्या आणि दीर्घ नोंदी हव्या होत्या. त्या दोन ठिकाणी तयार झाल्या.

पहिली स्वीडनमध्ये. १९८७ साली लार्स ह्येस्त्रोम यांनी एक अभ्यास सुरू केला. शस्त्रक्रिया झालेली २०१० माणसं आणि न झालेली पण तशाच वजनाची २०३७ माणसं, यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. २००७ साली प्रसिद्ध झालेले आकडे असे : गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं आणि दहा वर्षांनी ते २५ टक्क्यांवर स्थिरावलं. नुसता पट्टा घालून जठराचं तोंड आवळलेल्यांचं आधी २० टक्के उतरलं आणि दहा वर्षांनी १४ टक्के राहिलं. शस्त्रक्रिया न झालेल्यांचं वजन जवळजवळ होतं तिथेच होतं.

१२० किलोचा माणूस डोळ्यांपुढे आणा. बायपासनंतर तो सुमारे ८२ किलोपर्यंत उतरतो आणि दहा वर्षांनी ९० किलोच्या आसपास थांबतो. मधले ते आठ किलो परत आले, म्हणजे त्याचं काही चुकलं का? नाही. सरासरी माणसाचं तसंच होतं. ही गोष्ट त्याला पहिल्याच दिवशी सांगितलेली असेल, तर पाचव्या वर्षी वजनकाट्यावर उभं राहताना त्याला लाज वाटणार नाही. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाणही वय, लिंग आणि इतर धोके हिशेबात घेऊन सुमारे २९ टक्क्यांनी कमी आढळलं. २०२० साली आणखी पुढचे आकडे आले. शस्त्रक्रिया झालेली माणसं न झालेल्यांपेक्षा सुमारे तीन वर्षं जास्त जगली. तरीही सर्वसाधारण लोकांइतकं आयुष्य त्यांना लाभलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगायला हव्यात.

दुसरी नोंद अमेरिकेतली, दहा रुग्णालयांतली. २००६ ते २००९ या काळात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे अडीच हजार माणसांची. अनिता कुरकूलस आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली तिचे तीन वर्षांचे निष्कर्ष मांडले. बायपास झालेल्यांमधल्या मधल्या माणसाचं वजन साडेएकतीस टक्के उतरलं होतं. पण खरी गोष्ट त्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना होती. एक चतुर्थांश माणसांचं २४.६ टक्क्यांहून कमी उतरलं, एक चतुर्थांशांचं ३८.४ टक्क्यांहून जास्त. म्हणजे आपल्या १२० किलोच्या माणसाचे तीस किलोही उतरू शकतात आणि सेहेचाळीसही. शिवाय या पट्ट्याच्या बाहेर अर्धी माणसं आहेतच. मग कोण तिशीत आणि कोण सेहेचाळिशीत, हे आधी ओळखता येतं का?

२०१५ साली याच संशोधकांनी हा प्रश्न थेट हाती घेतला. शस्त्रक्रियेपूर्वीच्या शंभराहून अधिक गोष्टी तपासल्या. वय, शिक्षण, मिळकत, आजार, खाण्याच्या सवयी, मनाची स्थिती. उत्तर असं आलं की फार थोड्या गोष्टींचा वजनाशी संबंध दिसतो, आणि तोही क्षीण. चाळणीला भोकंच चुकीची होती. २०१६ साली अमेरिकेतल्या शल्यविशारदांच्या संघटनेनं जाहीरपणे म्हटलं, की ‘आधी वजन उतरवून दाखवा’ ही विमा कंपन्यांची अट मनमानी आहे, भेदभाव करणारी आहे आणि तिला शास्त्राचा आधार नाही. पण तोवर ज्यांना त्या अटीपायी दारातून परत पाठवलं गेलं, त्यांची नोंद कुठल्या वहीत आहे?

आपल्याकडे वेधशाळेचा अंदाज दर वर्षी वर्तमानपत्रात येतो. यंदा सरासरीच्या इतके टक्के पाऊस. अंदाज अनेकदा बरोबरही येतो. तरी मराठवाड्यातला शेतकरी तो वाचून निर्धास्त होत नाही. पाऊस देशाच्या सरासरीत पडून उपयोग नाही, तो आपल्या शिवारात पडावा लागतो. या शस्त्रक्रियेचंही तसंच आहे. हजार माणसांचं काय होईल, हे डॉक्टर आज बऱ्यापैकी सांगू शकतात. तुमचं काय होईल, हे सांगताना त्यांनी जरा थांबायला हवं.

असं का होतं? कारण जठर ही नुसती पिशवी नाही. १९९९ साली जपानच्या मासायासु कोजिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘घ्रेलिन’ हे संप्रेरक शोधलं. ते मुख्यतः जठरात तयार होतं आणि मेंदूला भुकेचा निरोप देतं. आतडीही ‘आता पुरे’ असा निरोप देणारी संप्रेरकं सोडतात. शस्त्रक्रियेनं पिशवी लहान होते तशी ही निरोपांची ये-जाही बदलते. कुणाच्या शरीरात किती बदलते, यात आनुवंशिकतेचा हात आहे. २०११ साली बॉस्टनमधल्या संशोधकांनी एक छोटा पण बोलका अभ्यास छापला. एकाच रक्ताच्या दोन माणसांची बायपास झाली तर त्यांचं उतरलेलं वजन एकमेकांशी बरंच जुळत होतं. एकाच घरात राहणाऱ्या पण रक्ताचं नातं नसलेल्यांचं तसं जुळत नव्हतं. एकाच चुलीवरचं खाऊनही. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ असं आपण म्हणतो, त्याला प्रयोगशाळेनं दिलेला हा दुजोराच.

अंदाज चुकण्याचे काही प्रसंग आनंदाचेही होते. ‘स्लीव्ह’ या शस्त्रक्रियेचंच बघा. यात जठराचा मोठा भाग उभा कापून काढतात आणि उरतं ते केळीच्या आकाराचं, शर्टाच्या बाहीसारखं अरुंद जठर. दोन हजार सालाच्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मिशेल गान्ये हे ती अतिस्थूल रुग्णांसाठी पहिला टप्पा म्हणून करत. थोडं वजन उतरलं की दुसऱ्या टप्प्याचं मोठं ऑपरेशन करायचं, असा बेत. पण पहिल्या टप्प्यानंतरच अनेकांचं वजन इतकं उतरलं, की दुसऱ्याची निकड राहिली नाही. आज ही जगातली सर्वांत जास्त केली जाणारी अशी शस्त्रक्रिया आहे. मधुमेहाचीही हीच कथा. नॉर्थ कॅरोलायनाच्या वॉल्टर पोरीज यांनी १९९५ साली लिहिलं, की बायपास झालेल्या १४६ मधुमेही रुग्णांपैकी १२१ जणांची साखर नेहमीच्या पातळीवर आली. असं होईल असं कुणाला वाटलं असतं, अशा अर्थाचंच शीर्षक त्यांनी आपल्या निबंधाला दिलं होतं.

मग पन्नास टक्क्यांची ती जुनी रेघ आठवा. २०१८ साली फिनलंडमधल्या एका अभ्यासानं २४० रुग्णांचे पाच वर्षांचे आकडे दिले. स्लीव्ह झालेल्यांचं जादा वजनापैकी सरासरी ४९ टक्के उतरलं होतं, बायपासवाल्यांचं ५७ टक्के. रेघ धरून बसलो तर स्लीव्ह एका टक्क्यानं नापास! मधुमेह आटोक्यात आला, जिना चढता येऊ लागला, रात्री झोपेत श्वास अडकणं थांबलं, तरी नापास.

आता संगणक आला आहे. फ्रान्समधल्या लील शहरातल्या फ्रांस्वा पातू आणि सहकाऱ्यांनी २०२३ साली एक गणनयंत्र प्रसिद्ध केलं. दहा देशांतल्या १०,२३१ रुग्णांच्या नोंदी त्यामागे आहेत. सुरुवातीला रुग्णागणिक ४३४ गोष्टी होत्या. यंत्रानं त्यांतल्या फक्त सात कामाच्या ठरवल्या : उंची, वजन, शस्त्रक्रियेचा प्रकार, वय, मधुमेह आहे का, असल्यास किती वर्षं, आणि धूम्रपान. ही यादी मी दोनदा वाचली. तिच्यात ‘जिद्द’ नाही. ‘जिभेवर ताबा’ नाही. नातेवाईक ज्या गोष्टींवरून माणसाला बोलतात, त्यांतली एकही गोष्ट त्या यादीत नाही.

आणि या यंत्राचा नेम किती अचूक? पाच वर्षांनंतरच्या बीएमआयच्या अंदाजात मधली चूक २.८ ची. १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईसाठी ते सुमारे सात किलो होतात. म्हणजे यंत्र म्हणालं की पाच वर्षांनी तुम्ही ८० किलोच्या असाल, तर त्र्याहत्तर ते सत्याऐंशीच्या मध्ये असण्याची शक्यता साधारण निम्मी. निम्म्या बायका त्याच्याही बाहेर. दहा हजार माणसांची नोंद आणि आजचा संगणक, इतकं सगळं असून सात किलोंचा फरक राहतोच. मला यात निराश होण्यासारखं काही वाटत नाही. यंत्र आपली चूक किती हे स्वतःच सांगतं, हा त्याचा मोठेपणा आहे. माणसं अंदाज सांगतात, चूक सांगत नाहीत.

भारतीयांसाठी एक जादा सावधगिरी हवी, आणि तिचा धागा पुण्याला पोचतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा एक फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. यंत्रावर शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. बीएमआय सारखाच, पण चरबी दुपटीहून अधिक! आपल्या लोकांत कमी वजनावरही मधुमेह का गाठतो, याचं उत्तर त्या एका चित्रात होतं. म्हणूनच २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी शस्त्रक्रियेची मर्यादा ३७.५, आणि सोबत आजार असल्यास ३२.५ अशी खाली आणली. २०२२ साली आंतरराष्ट्रीय संघटनांनीही आशियाई लोकांसाठी ती आणखी खाली, २७.५ पर्यंत, आणली. पट्टी कुणाच्या अंगावरून बेतली आहे, हे विचारल्याशिवाय ती आपल्या अंगाला लावू नये.

माझ्या ओळखीत एक बाई आहेत. शाळेत शिकवतात. सहा वर्षांपूर्वी त्यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली. ४० किलो उतरले, पुढे दहा-बारा परत आले. इन्सुलिन सुटलं ते सुटलंच. पण लग्नकार्यात गेल्या की कुणीतरी त्यांच्या ताटाकडे बघतं आणि म्हणतं, ‘एवढे लाख घातले, आणि परत सुरू का?’ त्या हल्ली ताट घेऊन कोपऱ्यात बसतात. त्यांच्या शरीरानं जे केलं ते स्वीडनच्या नोंदवहीत सरासरी म्हणून लिहिलेलं आहे. आपल्या समाजाच्या वहीत मात्र ते ‘अपयश’ म्हणून लिहिलं जातं. भाकीत चुकीचं सांगितलं, की त्याचा दंड असा माणसाला भरावा लागतो. ‘पी हळद आणि हो गोरी’ असं आश्वासन देणारी जाहिरात दंड भरत नाही.

हीच गोष्ट पुढे इंजेक्शनांबाबत घडणार आहे. आतड्यातल्या संप्रेरकाची नक्कल करणारी वजन उतरवणारी इंजेक्शनं २०२५ साली भारतातही विक्रीला आली. त्यांच्याबाबतही तेच विचारलं जाईल : किती उतरेल, टिकेल का? आणि तिथेही सरासरीचा आकडा मोठ्या अक्षरांत आणि दोन्ही बाजूंचा पसारा बारीक अक्षरांत छापला जाईल.

म्हणून, घरात कुणी अशा शस्त्रक्रियेचा विचार करत असेल तर डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. पहिल्या वर्षाचा नव्हे, पाचव्या आणि दहाव्या वर्षाचा आकडा काय? सरासरीच्या खाली आणि वर किती माणसं असतात? वजनाखेरीज साखर, रक्तदाब, गुडघे, झोप यांचं काय होईल? आणि जन्मभर कुठली जीवनसत्त्वं घ्यावी लागतील, कुठल्या तपासण्या कराव्या लागतील? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी वैतागत नाही. पहिल्या तीन-सहा महिन्यांत वजन कसं उतरतं ते पाहून पुढचा अंदाज सुधारता येतो, हेही तो सांगेल. जूनचा पाऊस पाहून शेतकरी पेरणीचा बेत बदलतो, तसंच.

आणि ऑपरेशन करून आलेल्या माणसाच्या ताटाकडे बघणं आपण सोडून देऊ. त्याचं वजन किती उतरेल हे दहा हजार रुग्णांची वही घेऊन बसलेल्या यंत्रालाही नेमकं सांगता येत नाही. आपण तर त्याला फक्त लग्नात भेटलेलो असतो.